पाठीवरचा हुक

“पाठीवरचा हुक माणसाला स्वतःचा स्वतः लावता येत नाही, म्हणून तर देवानं दुसरं माणूस केलं.”

महानंदा महेंद्रकर हे एकदा एका हॉटेलच्या मागच्या खोलीत बोलली होती. ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे अर्धं बोलणं टाचण्यांतच अडकलं. पडद्यापलीकडे फॅशन शो चालू होता आणि गाण्याच्या ठोक्यानं खोलीतल्या खुर्च्या थरथरत होत्या. तिच्यापुढे पाठ करून उभी असलेली पवित्रा मान न वळवता हसली.

“मग अक्का, स्वतःला एक झंपर शिवा की मागून हुकांचं.”

“आणि लावायला कोण येणार? तुझा बाप, निपाणीहून?” असं म्हणून महानंदानं शेवटचा हुक लावला, पवित्राच्या पाठीवर तळहात टेकवला आणि तिला पडद्याकडे सोडलं.

महानंदाचं काम ड्रेसरचं. रॅम्पवर ज्या पोरी डौलात चालतात, त्यांना पडद्यामागे कपडे चढवायचे, उतरवायचे आणि पुन्हा दुसरे चढवायचे. डौल पडद्यापर्यंतच असतो. पडदा ओलांडला की पोरगी धावत सुटते. महानंदा घागरा जमिनीवर गोल उघडून उकिडवी बसलेली असायची. पोरीनं त्या गोलात पाय टाकले की ती घागऱ्यासकट उठायची. चोळीला तोंडाचा रंग लागू नये म्हणून पोरीच्या चेहऱ्यावर पातळ ओढणी टाकायची, आणि तेवढा वेळ पोरगी आंधळ्यासारखी हात वर करून उभी राहायची. मग नाड्या, हुक, आणि सगळ्यात शेवटी दोन्ही खांद्यांच्या मधोमध उघडा तळहात. म्हणजे मागचं सगळं बंद झालं, जा आता. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ड्रेसर बायकांमध्ये ही खूण पडून गेली होती. हात टेकला की पोरी रोखून धरलेला श्वास सोडायच्या. तो श्वास महानंदाच्या तळव्याला लागायचा.

बाकीच्या दिवसांत तिच्या हाताला कोणाचा श्वास लागत नसे.

ती नगरतपेटेत राहायची. बेंगळुरूच्या जुन्या पेठांमध्ये शिंप्यांची जी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड बोलणारी, त्यांतलंच तिचं एक. वडील आप्पाजी झंपरं शिवायचे. गिऱ्हाईक बाईच्या अंगाला हात न लावता नुसत्या नजरेनं माप घेण्याबद्दल त्यांची पेठेत ख्याती होती. ते गेले, आई गेली. महानंदाचं लग्न झालं नाही. का झालं नाही याची जी कारणं घरात होती, ती सांगणारी माणसं एकेक करून गेली आणि कारणंही त्यांच्याबरोबर गेली. भाऊ त्रिविक्रम बायकोमुलांना घेऊन व्हाइटफील्डला फ्लॅटमध्ये राहायला गेला. “तू पण चल की,” असं तो म्हणाला होता, पण ट्रक सुरू झाल्यावर. ती पूर्वी सणासुदीला मेट्रोनं त्याच्याकडे जायची. फाटकावर पहारेकरी नाव विचारायचा, मग वरती भावाच्या फोनवर काहीतरी वाजायचं, आणि भावानं होकाराचं बटण दाबेपर्यंत ती डब्यातले लाडू सांभाळत उन्हात उभी राहायची. एकदा त्रिविक्रम बैठकीत होता, फोन बघायला त्याला उशीर झाला. ती परत फिरली. त्यानंही नंतर विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. दोघांनाही वाटलं की दुसऱ्याला राग आला असेल.

शो ही तिची माणसांत जायची जागा होती. रिकाम्या खोलीत कुलूप उघडून शिरताना तिच्या अंगावर दहा पोरींचे वेगवेगळे वास असायचे, आणि ते उतरेपर्यंत खोली तेवढी रिकामी वाटत नसे.

पुढे बसून शो तिनं कधी पाहिला नाही. पण कुठला शो लोकांना काय सांगतोय हे तिला मागून कळायचं. सुरुवातीला ती मॉलमधल्या शोंना जायची. तिथं कपड्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढायच्या नसत, नुसत्या आत वळवून सेफ्टी पिनेनं अडकवायच्या. शो संपला की तेच कपडे परत दुकानात टांगायचे. निवेदक ओरडायचा, मुलं पॉपकॉर्न खात बघायची, आणि सगळा शो एकच गोष्ट सांगायचा की या, दुसऱ्या मजल्यावर मिळतंय. हॉटेलातल्या रॅम्पवर याच्या उलट. तिथं जे दाखवतात ते कोणालाच मिळणार नसतं. कपडा येतो, डोळ्यांत भरतोय तोवर पाठ फिरवून निघून जातो. “सासरी निघालेल्या नवरीसारखं आहे हे,” महानंदा म्हणायची, “जाताना जास्त आवडते.” मग तिला श्रीमंत बायकांसाठीचे छोटे शो मिळाले. त्यांत चालणारं कोणी नसतंच. हॉटेलच्या एका खोलीत कपडे टांगलेले, डिझायनर स्वतः हजर, चहा फिरतोय, आणि ज्यांना घ्यायचं त्यांनीच घालून बघायचं. त्या बायकांच्या पाठीही महानंदानं बंद केल्या. त्यांचं सगळं बोलणं आरशाशी असायचं. तिचा हात पाठीवर टेकला की त्या दचकायच्या.

साथीच्या काळात शो नुसते फोनवर आले. रिकाम्या गोदामात एक पोरगी, एक कॅमेरा आणि महानंदा. कॅमेरा पुढून असल्यामुळे मागे हुक लावायची गरज उरली नाही. ढगळ कपडा पाठीशी गोळा करून त्याला कागदाचे चिमटे लावायचे की पुढून बेतल्यासारखा बसायचा. महानंदानं चिमटे लावले आणि सवयीनं तळहात टेकवायला गेली, तर मध्ये चिमट्यांची रांग. त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली नाही.

म्हणून रॅम्प पुन्हा सुरू झाले तेव्हा ती एखाद्या आजारातून उठल्यासारखी हिंडली. शाल्मली सरदेशमुख नावाच्या डिझायनरनं तिला आपल्याकडे कायमचंच बोलावलं. शाल्मली पुण्याची, स्टुडिओ कोरमंगलाला. ती महानंदाला सगळ्यांसमोर “आमच्या अक्का” म्हणायची आणि ते तिच्या मनातून यायचं. पवित्राही तिथंच भेटली. निपाणीची पोर, पीजीत राहणारी, घरच्यांना बँकेत आहे म्हणून सांगितलेलं. रॅम्पवर जायच्या आधी ती भीतीनं थंडगार पडायची. महानंदाचा हात टेकल्याशिवाय तिचं पाऊल उचलायचं नाही. ती स्वतःच म्हणायची, “अक्का, तुमचा हात नसला तर मी तिथंच उभी राहीन बघा, खांबागत.”

महानंदाच्या म्हातारपणाची एवढी एक ठेव होती.

यंदा शाल्मलीनं तिला स्टुडिओत बोलावून शेजारी बसवलं आणि म्हणाली, “अक्का, या वेळी रॅम्प नाही करायचा.”

“मग फोनवाला?” महानंदानं विचारलं.

“छे हो! प्रेझेंटेशन. म्हणजे बघा, एका जुन्या बंगल्यात मुली नुसत्या उभ्या राहणार. पुतळ्यासारख्या. पाहुणे त्यांच्यामधून फिरणार, जवळ जाऊन शिलाई बघणार. रॅम्पवर काय, आली आणि गेली. कोणाला काही दिसतच नाही. मला लोकांनी थांबायला हवंय.”

“बदलायचे किती?”

“एकही नाही. एका मुलीला एकच ड्रेस.”

महानंदानं मनाशी हिशेब केला. एकच ड्रेस, म्हणजे एकदा चढवला की झालं. आज प्रेझेंटेशन, उद्या सगळेच असं करू लागले तर ड्रेसर कशाला लागेल? तिनं विचारलं, “मग मी कशाला येऊ?”

“तुम्हीच तर पाहिजे!” शाल्मलीनं तिचे दोन्ही हात धरले. “तुम्ही मधोमध बसायचं, शिवत. लोकांना कळू दे कपडा कोणाच्या हातून जातो ते. आजवर तुम्हाला कोणी बघितलंच नाही अक्का, ॲक्चुअली आम्हालाच लाज वाटायला पाहिजे.”

हात धरले गेले म्हणून असेल, किंवा नाही म्हटलं तर पुढं बोलावणंच येणार नाही म्हणून असेल, महानंदा म्हणाली, “सरी, बरं, येते.” रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला थोडा आनंदही झाला. आपल्याला कोणी बघणार म्हणजे काय, हे तिनं मनाशी घोळवून पाहिलं. आपण कुठल्या बाजूनं बऱ्या दिसतो हेही तिला ठाऊक नव्हतं.

बंगला रिचमंड टाउनमधला होता, उंच छताचा. दुपारीच एका मुलीनं महानंदाला आरशासमोर बसवलं आणि तिची गुलाबी नायलॉनची साडी सोडायला लावून राखाडी हातमागाची नेसवली. गळ्यातला पिवळा प्लास्टिकचा टेप काढून जुना कापडी टेप घातला, ज्याच्यावरचे आकडे पुसून गेले होते. केसांना तेल लावून मग ते थोडे विस्कटले.

“काय करूलालीस गं? आत्ता तर विंचरले,” महानंदा म्हणाली.

“खरं वाटायला हवं ना, आंटी.”

हे चालू असताना शेजारच्या खोलीत पोरींना कपडे चढवले जात होते. पहिल्यांदाच ते कपडे दुसरं कोणी चढवत होतं. पलीकडून पवित्राचं हसणं ऐकू आलं. महानंदा उठायला गेली तर केसवालीनं खांदा दाबून खाली बसवलं.

तिची जागा दिवाणखान्याच्या मध्यभागी होती. पुढ्यात एक हातमशीन ठेवलेलं, सुई नसलेलं. मांडीवर पांढऱ्या कापडाची लांबच लांब पट्टी आणि हातात सुईदोरा.

“कशाची पट्टी आहे ही?” तिनं शाल्मलीला विचारलं.

“कशाचीच नाही, अक्का. तुम्ही फक्त काठ दुमडत जायचं. आणि प्लीज, बोलायचं नाही हं. मुलीही बोलणार नाहीत. शांतता हाच याचा भाग आहे.”

पाहुणे गटागटानं आत सोडले जात होते. एक गट बाहेर गेला की दुसरा. लोक पेले घेऊन हळूहळू फिरायचे, कपड्यांवर वाकायचे, कुजबुजायचे. महानंदाजवळही थांबायचे. आपल्याकडे बघितलं जातंय हे तिला आधी कानांत कळलं, कान गरम झाले. लोकांच्या बघण्यात वाईट काही नव्हतं. बऱ्या घरची, सभ्य माणसं होती. फक्त तिच्या हातांकडे बघून झालं की त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून मशीनवर जायची आणि मशीनवर जास्त वेळ थांबायची. काठ दुमडताना टाका मनासारखा पडला नाही म्हणून तिनं एकदा उसवून पुन्हा घातला. मग लक्षात आलं की उसवलं काय आणि घातलं काय, पट्टी कुठेच जाणार नाही.

एक वयस्क गृहस्थ तिच्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग वाकून अगदी पेठेच्या मराठीत हळूच म्हणाले, “नगरतपेटच्या काय हो, अक्का? सुई धरायची ढब ओळखीची वाटतीय.”

महानंदाच्या ओठांवर सगळं आलं. आप्पाजींचं दुकान, गल्ली, देऊळ. तिनं तोंड उघडलं, आणि समोरच्या दारात उभ्या असलेल्या शाल्मलीकडे तिची नजर गेली. तिनं तोंड मिटलं, मान खाली घातली. गृहस्थ ओशाळले. “माफ करा, बोलायचं नसतं वाटतं,” म्हणाले आणि गटाबरोबर निघून गेले. आपण निदान मान तरी हलवायला पाहिजे होती, असं तिला ते गेल्यावर वाटलं.

मान वर केली तेव्हा तिला पवित्राची पाठ दिसली. पवित्रा एका बुटक्या चौथऱ्यावर खिडकीकडे तोंड करून उभी होती. गडद निळी चोळी, पाठीवर हुकांची रांग, आणि सगळ्यात वरचा हुक उघडा. कापडाची दोन्ही टोकं ओठांसारखी विलग झालेली.

महानंदाचे हात थांबले. तिच्या हाताखालून आजवर एकही पोरगी उघड्या हुकानं बाहेर गेली नव्हती. बाकीच्यांना हे दिसत कसं नाही? तिनं शाल्मलीकडे पाहिलं, भुवया उंचावल्या, डोळ्यांनी खुणावलं. शाल्मली एका बाईशी बोलत होती. पवित्राचे खांदे वर चढलेले होते. म्हणजे श्वास रोखलेला. म्हणजे पोरगी वाट बघतेय.

महानंदानं पट्टी बाजूला ठेवली आणि ती उठली.

पुतळ्यांमधून काहीतरी हललं म्हणून सगळे वळले. तिला ते दिसलंच नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून चौथऱ्यावर चढली, दोन बोटांनी टोकं जवळ आणली, हुक लावला आणि तळहात पवित्राच्या पाठीवर सपाट टेकवला. पवित्रानं श्वास सोडला. खांदे खाली आले. तेवढ्यापुरतं महानंदाला वाटलं की सगळं पूर्वीसारखं आहे, पडदा इथंच कुठेतरी आहे, आणि पोरगी आता निघेल.

मागे टाळ्या वाजल्या.

गट बाहेर जाताच शाल्मली धावत आली. तिचे डोळे पाणावले होते. “अक्का! काय केलंत तुम्ही!”

“चुकलं काय? हुक राहिला होता म्हणून...”

“तो मुद्दामच उघडा ठेवला होता. या सगळ्या कपड्यांत काहीतरी अपुरं ठेवलंय, कुठे काठ, कुठे बाही. ‘अर्धवट’ असंच नाव आहे कलेक्शनचं. मी दुपारी सांगितलं सगळ्यांना. तुम्ही मेकअपला होतात का?”

महानंदाचा चेहरा उतरला. शिंप्याच्या घरात जन्मून, अपुरं कोणी मुद्दाम ठेवत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“पण अहो, हे त्याच्यापेक्षा सुंदर झालं! लोक रडत होते. तुम्ही परत कराल का? प्रत्येक गटाला. अगदी असंच. आम्ही हुक काढून ठेवतो.”

“परत?”

“हो. तुम्ही जसं केलंत तसंच, काहीच वेगळं नको.”

पुढचा गट आला. हुक उघडा होता. महानंदा काठ दुमडत राहिली आणि शाल्मलीनं दारातून मान हलवल्यावर उठली. या वेळी तिला आपली पावलं ऐकू येत होती. फोन वर झालेले दिसत होते. ती चढली, हुक लावला, हात उचलला. आणि तिचा हात अजून पाठीपासून दूर असतानाच पवित्राचे खांदे खाली आले. हनुवटी किंचित उजेडाकडे वळली. श्वास लांब, सगळ्यांना ऐकू जाईल असा सुटला. महानंदाचा तळहात मग टेकला, तर खाली नुसतं कापड होतं.

टाळ्या आधीपेक्षा जास्त वाजल्या.

मधल्या वेळात पवित्रा चौथऱ्यावर बसून पाणी पीत होती. “अक्का, व्हिडिओ बघितला काय? एकदम भारी आलाय! फक्त तुम्ही स्वल्प सावकाश या म्हणूलालेत. उजेड हातावर पडायला पाहिजे म्हणे.”

“श्वास आधी का सोडलास गं?” महानंदानं विचारलं.

“अं?”

“हात टेकायच्या आधीच सोडलास.”

पवित्रा खळखळून हसली. “अय्यो, चुकलं काय टायमिंग माझं? बरं बरं, पुढच्या वेळी जमवते की. तुम्ही हात टेकला की मनात एक म्हणते, मग सोडते.” आणि तिनं लाडानं महानंदाच्या गालाला हात लावला, पण केसवालीनं विस्कटलेली बट मोडू नये इतपत जपून.

“तुला भीती वाटत नाही आता?”

“उभं राहायला कसली भीती, अक्का? कुठं चालायचंय काय.”

हे ती सहज बोलली. महानंदा आपल्या जागेवर जाऊन बसली. पट्टी मांडीवर घेतली. दार उघडलं आणि नवा गट आत आला, आधीपेक्षा मोठा. बाहेर बातमी पोचली असावी, कारण बरेच जण कपडे सोडून सरळ तिच्याकडेच बघत होते. पवित्रा पाठ करून उभी राहिली. वरचा हुक उघडा होता, खांदे चढलेले होते. दारातून शाल्मलीनं हसून मान हलवली.

महानंदा उठली. फोन वर झाले. लोकांनी मागं सरून तिला वाट दिली. ती सावकाश चालली, सांगितलं होतं तसं. चौथऱ्यापाशी आली. पवित्राच्या मानेवरची लव दिसेल इतकी जवळ आली. खोलीत कोणी हललं नाही.

ती थांबली नाही. चौथऱ्याला वळसा घालून तशीच पुढं गेली. हाही भागच असेल असं वाटून एकानं फोन तिच्या मागोमाग फिरवला. पवित्रा खिडकीकडे तोंड करून श्वास धरून उभीच होती. शाल्मली दारातून बाजूला झाली आणि हळूच म्हणाली, “अक्का?” महानंदानं गळ्यातला कापडी टेप काढून तिच्या हातावर ठेवला आणि तिच्याजवळून बाहेर निघून गेली.